पाळ बांधील त्याची जमीन

लाखनी, जि. भंडारा
कार्तिक वद्य पंचमी

चि. बाबू यास,


दिवाळीत तू आला होतास तेव्हा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आपण दोघं तलावाच्या पाळीवर फिरायला गेलो होतो. हलकं धान कापून झालं होतं, भारी अजून बांध्यांत उभं होतं. चालता चालता तू विचारलंस, "आत्या, पंधरा गुणांसाठी तीन वर्षं आडगावी काढायची का?" मी तेव्हा गप्प राहिले. माझ्याजवळ जे उत्तर होतं ते उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र.

तू मोबाइलवर पाठवलेली ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाची माहिती दादाने बसस्टँडजवळच्या दुकानातून छापून आणली. मी पेन्सिल घेऊन ती दोनदा वाचली आणि कोऱ्या पानावर तुझा हिशेब मांडला. वय २५ ते ३२ च्या टप्प्यात, म्हणून ३० गुण. पदवीचे १५, आठ वर्षांच्या कामाचे १५, इंग्रजीचे १० आणि सूनबाईच्या इंग्रजीचे ५. झाले ७५. अर्जाला निदान ६५ लागतात, पण बोलावणं जास्त गुणवाल्यांना आधी येतं. कोणाच्याही शिफारशीशिवाय १८९ क्रमांकाच्या व्हिसासाठी थांबलास तर तुझे ७५ च राहतात. एखाद्या राज्याने १९० साठी नाव सुचवलं तर पाच मिळून ८०. आणि राज्याने मोठी शहरं सोडून उरलेल्या मुलखासाठी, म्हणजे ४९१ साठी, नाव सुचवलं तर पंधरा मिळून ९०. निमंत्रण येईल त्या दिवशीचं वय धरतात. येत्या माघात तू तेहतीस वर्षांचा होशील आणि तिसाचे पंचवीस होतील. तुझी घाई मला समजते.

आता कराराची दुसरी बाजू. १८९ आणि १९० हातात पडल्या दिवशीच पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, देतात. ४९१ तसा नाही. तो १६ नोव्हेंबर २०१९ पासून सुरू झाला, त्याची मुदत पाच वर्षांची. त्यातली निदान तीन वर्षं तू त्यांनी ठरवलेल्या प्रादेशिक भागातच राहायचं, तिथेच काम करायचं, तीन वर्षांच्या प्राप्तिकराची कागदपत्रं दाखवायची आणि मग १९१ साठी, म्हणजे कायम राहण्यासाठी, अर्ज करायचा. ती तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत पीआरच्या बाकीच्या बहुतेक वाटा बंद. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन शहरं सोडली की जवळजवळ उरलेला सगळा देश त्या भागात येतो. म्हणजे ज्याला तू आडगाव म्हणालास त्यात अ‍ॅडलेड, पर्थ, कॅनबेरा अशी शहरंही आहेत, आणि वाळवंटाच्या कडेची चार रस्त्यांची गावंही. तेव्हा शब्दाला घाबरू नकोस. नकाशा बघ.

हा सौदा तुला नवा वाटतो. आपल्या मुलखाला तो नवा नाही. ज्या पाळीवर तू मला प्रश्न विचारलास ती पाळ अशाच सौद्यातून उभी राहिली.

लहानपणापासून तू मामा तलाव म्हणत आलास. माजी मालगुजारी तलाव, हा त्याचा पूर्ण शब्द. मालगुजारी १९५१ साली गेली आणि तलाव सरकारकडे आले, पण ते खोदले गेले त्याच्या कितीतरी आधी. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. ते बांधण्यात सगळ्यांत मोठा हात कोहळी समाजाचा. जमिनीचा उतार नजरेने जोखायचा, दोन टेकड्यांमधली नेमकी जागा हेरायची, तिथे मातीची पाळ घालायची, सांडवा कुठून काढायचा ते ठरवायचं, हे त्यांचं कसब. हे लोक बाहेरून, काशीकडून आले अशी आठवण त्या समाजात सांगतात. चांद्याच्या गोंड राजांबद्दल असं सांगितलं जातं की, त्यांनी जाहीर केलं होतं: जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळेल. नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सगळा परिसर आजही मानतो. पोवारांचीही अशीच गोष्ट. ते माळव्याकडून आले, नागपूरकर भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत त्यांनी साथ दिली आणि बदल्यात वैनगंगेच्या खोऱ्यात जमिनी मिळाल्या. तिथे ते धान पिकवत राहिले.

बघ, कुशल माणूस हवा, माणसं नाहीत असा मुलूख आहे, आणि राजा म्हणतो, ये, काम करून दाखव, मग कायमचा राहा. तुझ्या ४९१ चं मूळ तत्त्व हेच. आणि एक गोष्ट विसरू नये अशी की, हे रान तेव्हाही रिकामं नव्हतं. गोंडांचं होतं, त्यांच्या देवांचं होतं. तू जिथे जाशील तिथेही गोऱ्यांच्या आधीपासूनची माणसं आहेत. त्यांची नावं, त्यांनी तिथल्या नदीला दिलेलं नाव, हे पहिल्या महिन्यात शिकून घे.

तू मिल्ड्युराचं नाव घेतलं होतंस. नाव ऐकल्यापासून मी त्या गावाबद्दल मिळेल ते वाचते आहे, आणि वाचताना मला आपले कोहळी आठवले. मेलबर्नपासून साडेपाचशे किलोमीटर, मरे नदीच्या काठी, कोरडा मुलूख. १८८७ साली व्हिक्टोरियाच्या सरकारने जॉर्ज आणि विल्यम चॅफी या दोन भावांना तिथे जमीन देऊ केली. हे मूळचे कॅनडाचे, कॅलिफोर्नियात कालवे काढून वसाहती वसवलेले. मुख्य अट ही: नदीचं पाणी उचलून या रानाला भिजवा. त्यांनी पंप बसवले, कालवे काढले, द्राक्षांचे मळे लावून घेतले. पण पुढच्या दहा वर्षांत मंदी आली, माल बाजाराला पोचायला रेल्वे नव्हती, कंपनी बुडाली. जॉर्ज अमेरिकेला परत गेला. विल्यम तिथेच राहिला, कर्जात, स्वतःच्या मळ्यात. १९२० मध्ये मिल्ड्युराला नगराचा दर्जा मिळाला तेव्हा तो तिथला पहिला महापौर झाला. दोघं भाऊ एकाच करारावर एकाच गावी आले होते. जॉर्जला मी दोष देत नाही. त्याने कॅलिफोर्नियात पुढेही मोठी कामं केली. मला एवढंच दिसतं की करार दोघांचा सारखाच होता आणि गाव एकाचंच झालं.

आता माझी गोष्ट. तुला थोडी ठाऊक आहे, पूर्ण नाही.

१९७९ साली मला जिल्हा परिषदेत शिक्षिकेची नोकरी लागली. तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा नव्हता, तो १९९९ मध्ये झाला. माझी नेमणूक नवेगाव बांधाच्या पलीकडे, जंगलातल्या एका गावी झाली. बाबांनी सांगितलं, तीन वर्षं काढ, मग लाखनीकडे बदली मागू. मी एक लोखंडी पेटी घेऊन गेले. ज्या घरी खोली मिळाली तिथे ती पेटी खाटेखाली सरकवली आणि रोजच्या दोन साड्या, दोन भांडी सोडून त्यातलं काही बाहेर काढलं नाही. जायचंच आहे, काढून काय करायचं? कॅलेंडरवर रोज संध्याकाळी एक रेघ मारायची.

दुसऱ्या वर्षी रोवणीच्या दिवसांत वर्ग ओस पडला. मुलं पऱ्हे उपटायला, मुठी वाहायला बांधीत. मी गैरहजेरीची यादी केली आणि वर पाठवायची म्हणून एका मुलीच्या घरी सही घ्यायला गेले. तिची आई चिखलातून धुऱ्यावर आली, हात न धुताच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही तं जानार. आमाले इथंच राहाचं हाये." रागाने म्हणाली नाही. पाऊस येणार हे सांगावं तसं म्हणाली. त्या रात्री मी कॅलेंडरवर रेघ मारली नाही. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांशी बोलून रोवणीपुरती शाळा संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात भरवायची परवानगी घेतली. पटावरची जवळजवळ सगळी मुलं आली, चिखलाच्या पायांनी. आठवड्याने मी पेटी उघडली. तळाशी आईने दिलेली चादर होती, तिला कसर लागली होती.

त्या गावी मी नऊ वर्षं राहिले.

मी तुला त्यागाची गोष्ट सांगत नाही, बाबू. मला हे सांगायचं आहे की पेटी न उघडता काढलेली पावणेदोन वर्षं माझ्या आयुष्यातून गेली. पगार मिळाला, सेवापुस्तकात नोंद झाली, बदलीसाठी मोजली गेली, पण मी ती जगले नाही. तुझी तीन वर्षंही ३३ ते ३६ ची असणार. तुझी मुलगी त्या तीन वर्षांत अक्षरं शिकणार, पहिली मैत्रीण करणार. तिच्यासाठी ते गाव पायरी नसेल. तिच्यासाठी तेच जग असेल.

आणि दुसऱ्या बाजूनेही मी हे पाहिलं आहे, कारण मी लाखनीची आहे. आपलं गाव मोठ्या रस्त्यावर आहे. मुंबईहून कोलकात्याला जाणारे ट्रक इथून जातात, आता उड्डाणपुलावरून जातात, त्यांना गाव दिसतसुद्धा नाही. नागपूर ऐंशी-एक किलोमीटर. त्यामुळे इथे नेमणूक झालेले कितीतरी लोक अपडाऊन करतात. मुख्यालयी राहतो असा दाखला कागदावर असतो आणि माणूस संध्याकाळच्या गाडीने नागपुरात असतो. एका दवाखान्यात मी वर्षानुवर्षं पाहिलं: डॉक्टर येतो, चांगला असतो, हुशार असतो, आणि पहिल्या दिवसापासून जायच्या दिवसाकडे डोळे लावून असतो. बाळंतपणं मात्र रात्रीच अडतात. ज्यांची रात्र अडली त्या घरांना विचार, दाखल्यावरचा माणूस आणि गावातला माणूस यांत काय फरक असतो.

म्हणून मला भीती वाटते ती एका गोष्टीची. घरभाड्याचा करार छोट्या गावातला आणि नोकरी मेलबर्नमध्ये, असं करून दाखवणारे सल्लागार तुला भेटतील. ती तुझ्या व्हिसाची अट मोडणं आहे आणि व्हिसा रद्द होऊ शकतो, हे झालं कायद्याचं. त्याहून मोठं हे की, तू लाखनीचा मुलगा आहेस. ज्या वागण्याने आपल्या गावाचं नुकसान झालं ते तू दुसऱ्या गावाला देऊ नयेस.

आता व्यवहाराचं बोलते. यात मी दादाइतकीच कडक आहे.

राज्याची शिफारस आणि मालकाचं प्रायोजकत्व या दोन वेगळ्या वाटा आहेत, त्यांची गल्लत करू नकोस. ४९१ वर तू त्या भागात कुठेही, कोणाकडेही काम करू शकतोस, नोकरी बदलू शकतोस. ४९४ मध्ये मालक तुला नेमून प्रायोजित करतो. गुणांची शर्यत नाही, तीन वर्षांचा अनुभव पुरतो, पण तू त्या मालकाला बांधलेला असतोस. काम सुटलं तर एका वेळी १८० दिवसांत दुसरा प्रायोजक शोधावा लागतो. ज्या गावात एकच मोठा कारखाना असतो तिथे हे जड जातं. तू सांगितलेल्या तीन गावांच्या यादीतलं व्हायअ‍ॅला हे पोलादाच्या कारखान्यावर उभं राहिलेलं गाव. २०२५ च्या फेब्रुवारीत साउथ ऑस्ट्रेलियाच्या सरकारने तो कारखाना प्रशासकाच्या ताब्यात दिला. गाव वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिथे जायचं तर एकाच दारावर अवलंबून राहू नकोस, एवढंच. तुझं काम पाणीपुरवठ्याचं आहे. ते प्रत्येक गावाला लागतं, हे तुझं बळ आहे. तेव्हा हात मोकळे राहतील अशी वाट आधी धर.

पैशाचं नीट ऐक. नागपुरातला एक जण तुझ्या मित्राला नोकरीचं पत्र मिळवून देतो म्हणून काही लाख मागत होता, असं तू सांगितलंस. प्रायोजकत्वाच्या बदल्यात पैसे घेणं आणि देणं, दोन्ही ऑस्ट्रेलियात २०१५ च्या डिसेंबरपासून कायद्याने बंद आहे. देणाराही त्यात सापडतो आणि व्हिसा जाऊ शकतो. सल्लागार हवाच असेल तर तिथल्या सरकारकडे नोंदणी असलेला घे, नोंदणी क्रमांक स्वतः तपास. तुझ्या पदवीची आणि अनुभवाची पारख इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया ही संस्था करते. त्यासाठी कामाचे अहवाल लिहावे लागले तर स्वतः लिही. दुसऱ्याकडून विकत घेतलेले अहवाल पकडले जातात, आणि तुला त्याची गरजही नाही. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या वाडीला तू नळ कसा पोचवलास ते तू मला फोनवर सांगितलं होतंस. तसंच लिही.

सूनबाईचं कोणी विचारत नाही, म्हणून मी विचारते. ती शिक्षिका आहे. तिथे राज्याच्या नोंदणीशिवाय वर्गावर जाता येत नाही, आणि पदवीची पारख करून घ्यायची तर इंग्रजीच्या परीक्षेची अट कडक आहे: बोलण्या-ऐकण्यात आठ आणि वाचण्या-लिहिण्यात सात. पहिलं वर्षभर ती घरी बसेल. पुण्यात तिचं स्वतःचं नाव आहे, तिथे ती तुझ्या अर्जातली पाच गुणांची बाई होईल. हे तिला आधी स्पष्ट सांग, आणि गाव निवडताना तिचा कौल अर्धा नाही, पूर्ण धर. तुझ्या यादीतल्या तीन गावांत शाळा किती आहेत, तिच्या विषयाची गरज कुठे आहे, हे तिने पाहू दे. मुलूख तुझ्या गुणांनी मिळेल, पण तिथे टिकणं तिच्यावर अवलंबून राहील.

आणि दादा-वहिनी. मी त्यांच्या वतीने लिहीत नाही, ते तुला कधी बोलणार नाहीत. पीआर मिळेपर्यंत तू त्यांना कायम राहायला बोलावू शकणार नाहीस, आणि त्यानंतरही आईवडिलांच्या व्हिसाच्या रांगा दहा दहा वर्षांच्या वर जातात. ते पाहुणे म्हणून येतील. वहिनीचे गुडघे आहेत, दादाची साखर आहे. हे धरून ठरव. मी इथे आहे, दोन घरं सोडून. रात्रीचं दार मी उघडीन, ही माझी जबाबदारी. पण दर रोवणीला किंवा दर मंडईला एकदा घरी यायचं, तिकिटाचे पैसे वेगळे काढून ठेवायचे, ही तुझी.

तर बाबू, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. पंधरा गुणांसाठी तीन वर्षं आडगावी काढू नकोस. नुसती काढायचीच असतील तर पुण्यातच थांब, गुण कमी पडले तरी चालतील. पण एखादं गाव असं सापडलं की ज्याला तुझ्या हातातल्या कसबाची खरी गरज आहे, जिथे सूनबाईला काम दिसतं आहे, जिथे मुलीला पायी शाळेत जाता येईल, तर अर्ज कर, माघाच्या आधी कर, आणि जाताना पेटी रिकामी करायच्या तयारीने जा. तीन वर्षांनी तू तिथून अ‍ॅडलेडला गेलास, मेलबर्नला गेलास, तरी हरकत नाही. कोहळ्यांनीही एक तलाव बांधून दुसरीकडे पाळ घातलीच. पण पहिला तलाव अर्धवट टाकून नाही.

परवा मी पुन्हा पाळीवर गेले होते. आपल्या तलावाची पाळ मधोमध थोडी खचली आहे, तिथे बाभळी उगवल्या आहेत. त्यांची मुळं पाळ पोखरतात हे तूच मला दाखवलं होतंस. ग्रामपंचायतीत सांगून आले. तुझा शब्द म्हणून सांगितलं, लगेच ऐकलं.

तीन गावांची नावं तू सांगितलीस. पुढच्या पत्रात, फोनवर नाही, मला प्रत्येकाबद्दल एकच गोष्ट लिही: त्या गावाचं पाणी कुठून येतं, आणि ते कुठे कमी पडतं. ते तुला सांगता आलं की कुठे जायचं ते तुला विचारावं लागणार नाही.

सूनबाईला आशीर्वाद, चिमणीला पापा. नवं चिन्नोर धान कांडून झालं की दादाकडून पाठवते.

तुझी,
आत्या